वाचकांचे प्रश्न : उड्डाण लांबलं, जागावं की झोपावं?

प्रश्न : रॉकेटचं प्रक्षेपण बघताना पडद्यावरचं उलटं घड्याळ मधेच थांबतं. कधी थोड्या वेळाने पुन्हा सुरू होतं, कधी थेट ‘आज नाही’ असं सांगतात. पुढे काय होणार याचा अंदाज येतो का?

उत्तर : बऱ्याच अंशी येतो. ‘होल्ड’ म्हणजे घड्याळ थांबवलंय, पण आजचा दिवस अजून हातात आहे. ‘स्क्रब’ म्हणजे आजचा बेत रद्द. काही होल्ड तर काउंटडाउनमध्ये आधीच ठरवून ठेवलेले असतात, मागे राहिलेली कामं उरकायला. म्हणून नासाच्या प्रक्षेपणांत दोन घड्याळं दिसतात. ‘एल-मायनस’ हा उड्डाणाला उरलेला खरा वेळ. ‘टी-मायनस’मध्ये ठरलेले होल्ड मोजलेले नसतात. त्यामुळे ‘टी-मायनस १० मिनिटं’ वाचून चहा टाकायची घाई नको.

यानंतर इंधन कोणतं ते बघा, बहुतेक उत्तर तिथेच असतं. २१ ऑक्टोबर २०२३ रोजी गगनयानाच्या टीव्ही-डी१ चाचणीचं उड्डाण सकाळी ८ वरून पावणेनऊवर गेलं आणि शेवटच्या ५ सेकंदांवर संगणकाने ते रोखलं. तरी कारण सापडताच त्याच दिवशी १० वाजता यान उडालं. त्यातल्या विकास इंजिनाचं इंधन साध्या तापमानाला द्रव राहतं, त्यामुळे टाकी भरून वाट बघता येते. स्पेसएक्सच्या फाल्कन ९ रॉकेटमध्ये ती सवलत नाही. द्रव ऑक्सिजन उणे १८३ अंशांना उकळतो; या रॉकेटात तो त्याहूनही बराच थंड करून, उड्डाणाच्या साधारण ३५ मिनिटं आधीपासून भरतात. थांबलात की तो तापतो, फुगतो आणि टाकीत मावणारं वजन घटतं. भरणं सुरू झाल्यावर होल्ड आला तर त्या दिवशीची आशा बहुधा सोडावी.

द्रव हायड्रोजन सगळ्यात हट्टी. उणे २५३ अंशांना जोडांची सीलं आकसतात आणि इतका लहान रेणू बारीकशा फटीतूनही निसटतो. नासाच्या आर्टेमिस १ या चंद्रमोहिमेचा ३ सप्टेंबर २०२२ चा प्रयत्न अशाच गळतीने फसला. उड्डाण व्हायला १६ नोव्हेंबर उजाडला. चांद्रयान २ चं काउंटडाउन तांत्रिक बिघाडामुळे ५६ मिनिटं २४ सेकंद उरले असताना थांबलं आणि ते आठवड्याने, २२ जुलै २०१९ ला उडालं. क्रायोजेनिक, म्हणजे अशा अतिथंड इंधनावर चालणाऱ्या टप्प्यात बिघाड शोधायचा तर आधी टाक्या रिकाम्या कराव्या लागतात, आणि ते तासाभराचं काम नव्हे.

प्रश्न : अंतराळ स्थानकाकडे जाणारं यान एक दिवस लांबलं की नवी वेळ नेमकी २०-२५ मिनिटं अलीकडची का असते?

उत्तर : स्थानकाच्या कक्षेचं प्रतल (कक्षा ज्या सपाट पातळीत असते ती) प्रक्षेपण स्थळावरून जातं त्या क्षणीच निघावं लागतं. ताऱ्यांच्या संदर्भात पृथ्वीची स्वतःभोवतीची फेरी २४ तासांहून ४ मिनिटं आधी पुरी होते. शिवाय पृथ्वी विषुववृत्तापाशी फुगीर असल्याने ते प्रतल रोज सुमारे ५ अंश पश्चिमेला सरकतं. पृथ्वीला १ अंश फिरायला ४ मिनिटं लागतात, म्हणजे आणखी २० मिनिटं. झाली बेरीज. अशा मोहिमांत फाल्कन ९ ची ‘खिडकी’, म्हणजे उड्डाण करता येईल असा वेळ, क्षणाचीच असते, त्यामुळे पाच मिनिटांचा ढगही दिवस खातो. मंगळाचं तर विचारूच नका, तिथे पुढची संधी सुमारे २६ महिन्यांनी. उलट चांद्रयान ३ चं उड्डाण अवकाशातल्या कचऱ्याशी टक्कर टाळायला अवघे ४ सेकंद पुढे ढकललं होतं. असे विलंब प्रेक्षकाला कळतही नाहीत.

प्रश्न : माझ्या पडद्यावर दहा आकडा असतानाच शेजारून टाळ्या ऐकू येतात. इंटरनेट तर वेगवान आहे.

उत्तर : वेगाचा दोष नाही. थेट प्रसारणाचे काही सेकंदांचे तुकडे करून पाठवतात आणि प्लेअर असे दोन-तीन तुकडे साठवल्यावरच चित्र दाखवतो. सहा सेकंदांचे तीन तुकडे म्हणजे १८ सेकंद तिथेच गेले. यूट्यूबवर संगणकावर व्हिडिओवर राइट क्लिक करून ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ उघडा. ‘लाइव्ह लेटन्सी’समोर मागे असलेले सेकंद दिसतात. मधे पॉज केलं असेल किंवा चित्र अडकलं असेल तर तेवढी भर पडलेली असते, ती ‘लाइव्ह’वर टिचकी मारून जाते. चित्र वारंवार अडकत असेल तर दर्जा ४८० वर आणा. उरलेले सेकंद मात्र आपल्या हातात नाहीत. शेजाऱ्यांकडे जा, किंवा हेडफोन लावा.

प्रश्न : कॅलेंडरमध्ये उड्डाणाची नोंद केली होती. गजर जुन्याच वेळी वाजला, आणि एकदा तर आदल्या दिवशी!

उत्तर : हाताने केलेली नोंद आपोआप बदलत नाही. सबस्क्राइब केलेलं कॅलेंडरही कधी कधी कित्येक तासांनी ताजं होतं. तारखेआधी ‘नेट’ (NET) लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ ‘त्याआधी नाही’ एवढाच; तो मुहूर्त नव्हे. दिवस चुकतो तो बहुधा यूटीसीमुळे, म्हणजे जागतिक प्रमाण वेळेमुळे. चांद्रयान २ ची पहिली वेळ भारतात १५ जुलैच्या पहाटे २:५१ होती, यूटीसीनुसार ती १४ जुलैची २१:२१. दिलेली वेळ यूटीसीतली असेल तर नोंद करताना टाइम झोन ‘यूटीसी’ निवडा, फोन रूपांतर स्वतः करतो. आणि गजर दोन लावा : पहिला दोन तास आधी, फक्त अधिकृत पानावर नवी वेळ बघण्यासाठी, दुसरा ती वेळ बघून, ४० मिनिटं आधीचा. फाल्कन ९ असेल तर इंधन भरायला सुरुवात झाली की नाही हे त्यानंतर पाचेक मिनिटांत कळतं. नसेल झाली, तर त्या वेळी उड्डाण नाही; नवी वेळ बघा आणि खुशाल झोपा.

प्रश्न : अ‍ॅपची ‘उड्डाण रद्द’ ही सूचना उड्डाणाची वेळ टळून गेल्यावर आली.

उत्तर : बॅटरी वाचवण्यासाठी अँड्रॉइड पडून असलेल्या फोनवरच्या सूचना थोपवून धरतो. त्या अ‍ॅपच्या माहितीत बॅटरीखाली ‘अनरिस्ट्रिक्टेड’ निवडा आणि त्या रात्री बॅटरी सेव्हर बंद ठेवा. तरीही भरवसा घड्याळाच्या गजरावरच ठेवलेला बरा, त्याला इंटरनेट लागत नाही.