रोजनिशी फोनवर, फक्त आपल्यापुरती

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

फोनवर किंवा संगणकावर स्वतःसाठी, थोडक्यात आणि कोणाच्याही नजरेस न पडता कसं लिहावं, याबद्दल आलेल्या पत्रांतले पाच प्रश्न या अंकात घेतले आहेत.

प्रश्न : आमचं एकत्र कुटुंब आहे. माझा फोन मुलं, दीर, सासूबाई सगळेच हाताळतात, पासकोडही सगळ्यांना माहीत आहे. वही ठेवली तर कोणाच्या हाती पडेल सांगता येत नाही. मनातलं लिहायला फोनमध्ये सुरक्षित जागा कोणती? (गृहिणी, कराड)

पासकोड बदला म्हणणं सोपं आहे, पण घरात त्यावरूनच शंका सुरू होतात. तेव्हा फोनचं कुलूप आहे तसं राहू द्या आणि रोजनिशीला दुसरं कुलूप लावा.

आयफोन असेल तर नोट्स अ‍ॅपमधल्या टिपणाला कुलूप लावता येतं. त्यासाठी फोनचाच पासकोड किंवा स्वतंत्र पासवर्ड असे दोन पर्याय आहेत. पहिल्याचा तुम्हाला काही उपयोग नाही. सेटिंगमध्ये नोट्सच्या पासवर्ड विभागात जाऊन स्वतंत्र पासवर्ड ठेवा. घरातल्या आणखी कोणाचं बोट किंवा चेहरा फोनमध्ये नोंदवलेला असेल, तर टच आयडी किंवा फेस आयडीने टिपण उघडण्याची सोय तिथेच बंद करा.

सॅमसंगच्या बऱ्याच फोनमध्ये 'सिक्युअर फोल्डर' असतो. अँड्रॉइड १५ आलेल्या अनेक फोनमध्ये 'प्रायव्हेट स्पेस' मिळते. दोन्हींना फोनपेक्षा वेगळा पिन देता येतो. मात्र प्रायव्हेट स्पेसमधला मजकूर नव्या फोनवर आपोआप येत नाही. फोन बदलण्याआधी तो स्वतः बाहेर काढून ठेवावा लागतो, नाहीतर जुन्या फोनबरोबर जातो.

यातलं काहीच नसेल तर स्टँडर्ड नोट्ससारखं अ‍ॅप घ्या. त्यात मजकूर तुमच्या फोनमध्येच कूटबद्ध होऊन (म्हणजे पासवर्डशिवाय वाचता न येणाऱ्या सांकेतिक रूपात) मग बाहेर जातो, त्यामुळे तो अ‍ॅप चालवणाऱ्या कंपनीलाही वाचता येत नाही. अ‍ॅप उघडताना पासकोड मागण्याची सोय मात्र सेटिंगमधून स्वतः सुरू करावी लागते. गूगल कीप या कामाला घेऊ नका. त्यात एखाद्या टिपणाला कुलूप लावता येत नाही, आणि तेच गूगल खातं घरातल्या टॅबलेटवर उघडं असेल तर तुमचं लिखाण तिथेही दिसतं.

आता कुलूप लावूनही जे बाहेर येतं त्याबद्दल. बहुतेकांची गफलत इथेच होते. आयफोनच्या नोट्समध्ये कुलूपबंद टिपणाची पहिली ओळ यादीत दिसतच राहते. म्हणून पहिल्या ओळीत 'वाणसामान' किंवा नुसता महिना लिहा, मजकूर दुसऱ्या ओळीपासून. दुसरी वाट कीबोर्डची. तो तुमचे शब्द शिकतो आणि उद्या सासूबाई व्हॉट्सअ‍ॅपवर काही टाइप करू लागल्या की तेच शब्द सुचवतो. जीबोर्ड या गूगलच्या कीबोर्डच्या सेटिंगमध्ये प्रायव्हसी विभागात शिकलेले शब्द पुसण्याची सोय आहे. ते पुसा आणि तिथलंच वैयक्तिकीकरण बंद करा. तिसरी गोष्ट, मजकूर कॉपी करून इकडून तिकडे नेऊ नका, कारण तो क्लिपबोर्डमध्ये काही काळ पडून राहतो. आणि लिहून झालं की अ‍ॅप नुसतं मागे सारू नका, पूर्ण बंद करा. नुकतीच वापरलेली अ‍ॅप दाखवणाऱ्या पडद्यावर शेवटचं पान छोट्या चित्रात दिसू शकतं.

प्रश्न : मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. ताण कमी व्हावा म्हणून रोज रात्री अंथरुणावर पडून अर्धा-पाऊण तास लिहितो. पण लिहून झाल्यावर उलट जास्त अस्वस्थ वाटतं, झोप उडते. माझं काय चुकतंय? (अभियंता, पिंपरी)

वेळ, जागा आणि लांबी, तिन्ही. पाऊण तासात बहुधा एकच गोष्ट चार प्रकारे लिहिली जाते. साहेब काय म्हणाले, मी काय म्हणायला हवं होतं, ते पुन्हा तसंच का वागतील. असं तेच तेच उगाळल्याने मनाला तो प्रसंग अजून चालू आहे असंच वाटत राहतं.

मनातलं सविस्तर लिहून काढण्याची जी पद्धत अभ्यासली गेली आहे, ती अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांची. त्यांचा सँड्रा बील यांच्यासह केलेला पहिला अभ्यास १९८६चा. त्यात सलग चार दिवस, दर वेळी १५ मिनिटं लिहायचं आणि मग थांबायचं, असं होतं. त्यानंतरच्या शेकडो प्रयोगांतही साधारण हाच साचा राहिला : तीन-चार दिवस, १५ ते २० मिनिटं. लिहून उठल्यावर लगेच मन जड होतं, हे त्या अभ्यासांतही दिसलं; फायदा दिसलाच तर नंतर दिसतो, आणि सरासरीने तो लहान असतो. म्हणजे हे खोल लिखाण एखादा प्रसंग फारच सलत असेल तेव्हासाठी आहे, तेही दिवसाउजेडी. रोज झोपायच्या आधी ते करू नये.

रोजसाठी पाच मिनिटं पुरतात. गजर लावा, फोन 'डू नॉट डिस्टर्ब'वर टाका, खुर्चीत बसून लिहा, आणि गजर वाजला की वाक्य अर्धं असलं तरी थांबा. तीन ओळी :

१. काय घडलं, एका वाक्यात, मत न देता. 'बैठकीत माझ्या कामाचा उल्लेख झाला नाही.'
२. काय वाटलं, नेमक्या शब्दात. 'अपमान, थोडी धास्ती.'
३. उद्या करायचं एकच काम, वेळेसह. 'अकरा वाजता साहेबांना पाच मिनिटं मागायची.'

दुसऱ्या ओळीवर सगळ्यात जास्त लक्ष द्या. 'टेन्शन आलं' हे नाव फार ढोबळ आहे. चिडचिड, खंत, हुरहूर, मत्सर, लाज, कंटाळा, एकटेपणा या प्रत्येकाचा उपाय वेगळा असतो. लॉस एंजलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या, २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात भेदरलेले, रागावलेले चेहरे दाखवून त्यांवरच्या भावनेला शब्द द्यायला सांगितलं, तेव्हा मेंदूतल्या अमिग्डाला या, भीतीसारख्या भावनांशी निगडित भागाची प्रतिक्रिया कमी झालेली दिसली. ओळ लिहिताना 'मी'ऐवजी स्वतःला 'तू' म्हणून पाहा ('तुला आज कशाचं वाईट वाटलं?'). गरगरणाऱ्या मनाला त्याने जरा अंतर मिळतं.

झोपेसाठी वेगळी युक्ती आहे. बेलर विद्यापीठातल्या २०१८ सालच्या एका अभ्यासात ५७ जणांना झोपण्याआधी पाच मिनिटं लिहायला लावलं. निम्म्यांनी पुढच्या काही दिवसांत करायची कामं लिहिली, निम्म्यांनी उरकलेली. करायची कामं लिहिणाऱ्यांना सरासरी नऊ मिनिटं लवकर झोप लागली, आणि यादी जितकी बारीकसारीक तितकी झोप लवकर. एवढ्या लहान प्रयोगावर फार भिस्त ठेवू नये, पण करून पाहायला काही खर्चही नाही. तुमच्या बाबतीत यादी कागदावर लिहा, म्हणजे फोन अंथरुणात येणार नाही.

दोन आठवडे रोज तीच भावना, तेच कारण येत असेल, झोप-भूक गेली असेल, किंवा जगणं नको असे विचार लिहिले जात असतील, तर लिखाणावर थांबू नका. डॉक्टरांना भेटा, किंवा टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. ही सरकारी सेवा चोवीस तास, मोफत आणि मराठीतही मिळते.

प्रश्न : मी स्वतःशीच व्हॉट्सअ‍ॅप चॅट उघडून त्यात लिहिते. सोपं पडतं. चालेल ना? (विद्यार्थिनी, नांदेड)

पटकन टिपायला चालेल, साठवायला नाही. एक म्हणजे कधीतरी मजकूर चुकून वर्गाच्या ग्रुपवर जातो. दुसरं, कॉलेजच्या संगणकावर व्हॉट्सअ‍ॅप वेब उघडं राहिलं तर तिथे बसणारा कोणीही वाचू शकतो. 'लिंक्ड डिव्हाइसेस'मध्ये जाऊन आजच तपासा. तिसरं, चॅटचा बॅकअप कूटबद्ध करण्याची सोय वेगळी असते आणि ती आपण सुरू करावी लागते. दिवसभर तिथे टिपा, रात्री तीन ओळी खऱ्या रोजनिशीत उतरवा आणि चॅट रिकामं करा.

प्रश्न : लॅपटॉपवर मराठीतच लिहितो. काही वर्षांनी जुनं काही शोधायचं तर सापडत नाही. कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं, फाइली कशा लावाव्यात? (निवृत्त शिक्षक, रत्नागिरी)

सॉफ्टवेअर जितकं कमी तितकं बरं. साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहा, महिन्याला एक फाइल, नाव '२०२५-०३' असं : आधी वर्ष, मग महिना. त्यामुळे यादी आपोआप क्रमाने लागते. अंक मराठी घ्या किंवा इंग्रजी, पण कायम एकच. मिसळले तर दोन वेगळे गठ्ठे पडतात. रोज दोनशे शब्द लिहिले तरी वर्षाचा मजकूर दीड एमबीच्या आत राहतो, म्हणजे जागेची काळजी नाही.

फाइल युनिकोडमध्ये (कोणत्याही संगणकावर मराठी अक्षरं वाचता येतील अशा सर्वमान्य पद्धतीत), यूटीएफ-८ हा पर्याय निवडून साठवा. जुन्या विंडोजच्या नोटपॅडमध्ये 'एएनएसआय' निवडलं गेलं की मराठी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात आणि मूळ मजकूर परत मिळत नाही. कृतिदेव, शिवाजी अशा जुन्या फॉन्टमधलं लिखाण असेल तर ते आताच युनिकोडमध्ये बदलून घ्या. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर ते वाचताच येत नाही, मग शोध कुठून लागणार?

तुमची खरी अडचण मात्र विभक्तीची आहे. 'शाळा' शोधलं तर 'शाळेत' सापडणार नाही. तिथे 'शाळ' शोधा, 'पुणे'ऐवजी 'पुण' शोधा. पण 'सून'चं 'सुनेला', 'दीर'चं 'दिराला', 'पाऊस'चं 'पावसात' झालं की ही युक्तीही फसते. म्हणून नोंदीच्या शेवटी खुणेसह मूळ शब्द लिहा : #सून, #पाऊस, #गुडघा. पंधरा-वीस खुणा ठरवून त्यांची यादी एका फाइलमध्ये ठेवा. रोज नवी खूण काढली तर खुणेचा अर्थच उरत नाही. 'दुसऱ्या'सारख्या शब्दांतला ऱ्य वेगवेगळ्या कीबोर्डवरून वेगळ्या सांकेतिक क्रमाने टाइप होतो. दिसतो सारखा, शोधात चुकतो. खुणांमध्ये असे शब्द टाळा.

साध्या फाइलला स्वतःचं कुलूप नसतं. क्रिप्टोमेटर हे संगणकावर मोफत चालणारं सॉफ्टवेअर घेऊन एक कूटबद्ध तिजोरी बनवा आणि सगळ्या फाइली तिच्यात ठेवा.

प्रश्न : पासवर्ड विसरले तर काय? आणि माझ्यामागे मुलांनी हे वाचू नये असं वाटतं. (वय ६८, ठाणे)

चांगल्या कूटबद्ध रोजनिशीला 'पासवर्ड विसरलात?' अशी वाट नसते. विसरला की मजकूर गेला, तो कोणालाही काढून देता येत नाही. म्हणून पासवर्ड लक्षात राहील असा, पण ओळखता येणार नाही असा हवा. नातवाचं नाव आणि जन्मसाल नको, आवडती ओवीही नको. शब्दकोश कुठेही उघडून, डोळे मिटून बोट ठेवून पाच-सहा शब्द निवडा आणि त्याच क्रमाने ठेवा. ते कागदावर लिहून बँकेच्या कागदपत्रांत ठेवता येतील, फक्त कशाचा पासवर्ड ते त्यावर लिहू नका.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. मुलांनी वाचू नये असं असेल तर पासवर्ड पाठ झाल्यावर तो कागद फाडून टाका. तुमच्यानंतर ती फाइल उघडणार नाही. मात्र औषधं, विम्याचे क्रमांक, लॉकरची किल्ली अशा गोष्टी रोजनिशीत लिहू नका. त्यांची वेगळी, उघडी फाइल करा आणि ती कुठे आहे ते मुलांना सांगा. अनेक घरांत हे दोन्ही एकत्र असल्यामुळेच मागच्यांना सगळं चाळावं लागतं.

कूटबद्ध फाइलची एक प्रत पेन ड्राइव्हवर आणि एक घराबाहेर, क्लाउडवर किंवा विश्वासातल्या नातेवाइकांकडे ठेवा. दर तीन महिन्यांनी ती प्रत दुसऱ्या संगणकावर खरोखर उघडून पाहा. उघडली नाही तर मूळ फाइल हाताशी असतानाच नवी प्रत काढून घ्या.