यूकेला कुटुंबासह येताय, तर आधी हा हिशोब बघा

तुम्ही विचारलंत की स्किल्ड वर्कर व्हिसावर बायको आणि दोन मुलांना घेऊन लंडनजवळ येताय, पगारातून कर आणि नॅशनल इन्शुरन्स (सामाजिक विम्याची वर्गणी) कापला जाणारच, मग इथल्या लोकांच्या सोयी आपल्यालाही मिळतील ना? बऱ्याचशा मिळणार नाहीत. नोकरीला होकार देण्याआधी घरात यावर बोला.

तुमच्या व्हिसावर 'नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स' ही अट असेल. म्हणजे सरकारी आर्थिक मदत मिळणार नाही: चाइल्ड बेनिफिट (मुलांसाठीचा भत्ता), युनिव्हर्सल क्रेडिट (कमी उत्पन्न असलेल्यांना मिळणारी मदत), काउन्सिलचं (स्थानिक पालिकेचं) घर, काहीच नाही. चुकून अर्ज केलात तरी व्हिसा अडचणीत येऊ शकतो. तुमच्याइतकाच पगार घेणाऱ्या, तेवढाच कर भरणाऱ्या इथल्या सहकाऱ्याला पहिल्या मुलामागे आठवड्याला २६.०५ पौंड (२०२५-२६चा दर) मिळतात, तुम्हाला शून्य. इतकी वर्षं इथे राहूनही मला हे पटलेलं नाही.

त्याहून मोठा फटका हेल्थ सरचार्जचा, म्हणजे व्हिसावर येणाऱ्यांकडून सरकारी आरोग्यसेवेसाठी घेतलं जाणारं शुल्क. मोठ्या माणसाला वर्षाला १,०३५ पौंड, १८ वर्षांखालच्या मुलाला ७७६, आणि व्हिसाच्या सगळ्या वर्षांचे पैसे अर्ज करतानाच भरायचे. पाच वर्षांचे चौघांचे १८,११० पौंड होतात! २०१५ साली हा सुरू झाला तेव्हा वर्षाला २०० होता. एनएचएस, म्हणजे इथली सरकारी आरोग्यसेवा, चालते मुख्यतः करातून, तो तुम्ही दरमहा भरणारच, वर हा वेगळा. कुटुंबाचा सरचार्ज कंपनी देणार का, हे लेखी घ्या. तोंडी आश्वासनावर विसंबू नका.

सरकारी शाळा फुकट आहे, जीपी (फॅमिली डॉक्टर) आणि हॉस्पिटलही मिळतं. आजारपणाची आणि बाळंतपणाची वैधानिक रजा पगारी असते, कारण ती नोकरीशी जोडलेली आहे. तीन-चार वर्षांच्या मुलांना इंग्लंडमध्ये आठवड्याला १५ तास नर्सरी सगळ्यांनाच फुकट. नोकरदार आई-वडिलांसाठीचे ३० तास मात्र दोघांच्याही व्हिसावर वर सांगितलेली सरकारी मदत न मिळण्याची अट असेल तर नाहीत. वहिनींना नोकरी करायची असेल तर नर्सरीचा खर्च आधी धरा.

नोकरी गेली तर साधारण ६० दिवसांत नवा स्पॉन्सर (व्हिसाची जबाबदारी घेणारी कंपनी) शोधावा लागतो, आणि त्या काळात भाड्याला सरकारी हातभार नसतो. सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवूनच या.

स्टेट पेन्शनला (सरकारी निवृत्तिवेतनाला) किमान १० वर्षं नॅशनल इन्शुरन्स भरलेला लागतो, पूर्ण पेन्शनला ३५. पुढे भारतात राहून घेतलीत तर ती पहिल्या आकड्यावरच गोठते, दरवर्षीची वाढ मिळत नाही.

मुलांची वयं कळवा, त्यावरून नर्सरीचा अंदाज सांगते.