दुसऱ्या मिस्त्रीकडे गाडी नेण्याआधी

प्रश्न: आमची डिझेल गाडी नऊ वर्षांची आहे. यजमानांना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावं लागतं, त्यासाठीच ती ठेवली आहे. परतीच्या वाटेवर चहाला थांबलो आणि नंतर ती सुरूच होईना. सेल्फ जोरात फिरतो, पण इंजिन पकडत नाही. शेजारच्या जिल्ह्यातल्या गॅरेजात टोचन करून नेली. फोनवर "पंपाचं काम आहे, अठरा-वीस हजार" असं सांगितलं. मग पंप आणि चारही नोझल बदलले म्हणून ९२,००० रुपयांची चिठ्ठी हातात दिली. ६०,००० यूपीआयने भरले, गाडी घरी आणली. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच, म्हणून परत त्याच गॅरेजात नेली. आता गॅरेजवाले म्हणतात ईसीएम (इंजिन चालवणारा संगणक) गेला, आणखी ४०,००० लागतील; जुनी बाकी दिल्याशिवाय गाडी नेता येणार नाही, शिवाय दिवसाला ३०० रुपये पार्किंग लागेल. भाच्याच्या ओळखीचा मिस्त्री म्हणतो, साधा सेन्सर असेल, माझ्याकडे आणा. पोलिसांत जावं का?
– एक वाचक, पाटण तालुका, जि. सातारा

ताई, गाडीवाचून तुमचं काय होत असेल ते समजतं. त्यामुळेच भाच्याचा मिस्त्री उद्याच बोलवावा, असं वाटणं साहजिक आहे. पण थोडं थांबा. त्याने सेन्सर बदलला आणि गाडी सुरू झाली, तर गाडी मिळेल, पण तिच्यात आधी काय बिघाड होता हे दाखवायला काही उरणार नाही. गॅरेज म्हणेल, पंपही गेलाच होता. मग सिद्ध कोण करणार? सेवेत त्रुटी होती हे सिद्ध करण्याचा भार तक्रारदारावर, म्हणजे तुमच्यावर असतो.

तुम्ही पाठवलेला व्हिडिओ मी दोनदा पाहिला. सेल्फ मारताना आरपीएमचा काटा जागचा हलत नाही. बऱ्याच गाड्यांमध्ये हे क्रँक सेन्सर बिघडल्याचं लक्षण असतं: इंजिन फिरतंय हेच ईसीएमला कळत नाही, म्हणून ते नोझलना डिझेल सोडायला सांगत नाही. गरम झाल्यावर सुरू न होणं हेही त्याच्याशी जुळतं. पण झिजलेला पंपही गरम असताना पुरेसा दाब देत नाही, कारण तापलेलं डिझेल पातळ होतं. वरून लक्षण एकच, पण एका दुरुस्तीला काही हजार लागतात आणि दुसरीला लाखाच्या जवळ. म्हणून पंप खोलण्याआधी स्कॅनर लावून रेल प्रेशर (नोझलना डिझेल पुरवणाऱ्या नळीतला दाब) पाहायचं असतं आणि नोझलची परतीची गळती, म्हणजे नोझलमधून मागे परत जाणारं डिझेल, मोजायची असते. त्याआधी डिझेल फिल्टरमधलं पाणी आणि लाइनने धरलेली हवा तपासायची. स्कॅनरवर दिसणारा कोड पी ००८७ म्हणजे दाब कमी, पी ०३३५ म्हणजे क्रँक सेन्सरचं सर्किट. तुमच्या चिठ्ठीवर "पंप, नोझल ४ नग, लेबर" आणि खाली बेरीज, एवढंच आहे. मोजमापाचा एकही आकडा नाही. तुमचं प्रकरण माझ्या मते इथेच उभं राहतं. वाद इंजिनाबद्दल नाही, न तपासता केलेल्या निदानाबद्दल आहे.

आता गाडी अडवण्याबद्दल. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १७० प्रमाणे, सोपवलेल्या वस्तूवर ठरल्या हेतूनुसार श्रम किंवा कौशल्य खर्च केलं असेल, तर त्याचा मोबदला मिळेपर्यंत ती ठेवून घेण्याचा हक्क कारागिराला आहे. तेव्हा गॅरेजवाल्याचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही. पण हा हक्क ताब्याबरोबर राहतो. ३२,००० बाकी असताना त्यांनी गाडी तुम्हाला दिली, तेव्हाच तो सुटला. जुन्या-नव्या सगळ्या बाकीसाठी वस्तू अडवण्याचा व्यापक हक्क कलम १७१ मध्ये आहे, पण तो बँका, अडते, धक्क्याचे मालक, उच्च न्यायालयाचे वकील आणि विमापत्रांचे दलाल यांना. वेगळा करार नसेल, तर गॅरेजला तो नाही. दुसऱ्यांदा आणलेली गाडी हे पहिल्याच कामाचं पुढचं आहे, असं ते म्हणाले, तर पहिलं काम अपुरं होतं ही त्यांचीच कबुली ठरेल. तसं म्हणणं व्हॉट्सअ‍ॅपवर आलं तर जपून ठेवा. पार्किंगचं भाडं तर तुम्ही कधी कबूलच केलेलं नाही, आणि कलम १७० फक्त केलेल्या सेवेच्या मोबदल्यापुरतं आहे.

पोलिसांत आत्ता जाऊ नका. तिथे हा दिवाणी स्वरूपाचा वाद आहे असं सांगून परत पाठवण्याचीच शक्यता जास्त. गाडीतला भाग गायब झाला किंवा गाडी परस्पर हलवली, तर मात्र लगेच जा.

आधी स्पीड पोस्टाने नोटीस पाठवा. त्यात तीन मागण्या ठेवा: जुना पंप आणि चारही नोझल परत, स्कॅनरचा छापील अहवाल, प्रत्येक भागाचा क्रमांक आणि किंमत असलेलं रीतसर बिल. सेवेचं बिल न देणं हीच ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(४७) खाली अनुचित व्यापार प्रथा आहे. त्यानंतर गॅरेजातच तपासणी करायची आहे असं लेखी कळवून तिऱ्हाईत माणूस न्या: परवानाधारक विमा सर्वेक्षक, किंवा शासकीय तंत्रनिकेतनातले ऑटोमोबाइलचे शिक्षक. त्यांचा सही-तारखेचा अहवाल हाती आला की मग भाच्याचा मिस्त्री. गॅरेजने आत येऊ दिलं नाही, तर त्या नकाराचीही नोंद करा.

यजमानांच्या तब्येतीसाठी गाडी तातडीने लागलीच, तर पैसे द्या, पण बिलावर "हरकत राखून, हक्क अबाधित ठेवून रक्कम दिली" असं लिहून सही करा. असं लिहिल्याने पुढच्या तक्रारीची वाट बंद होत नाही.

तक्रार साताऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात करता येईल. गॅरेज दुसऱ्या जिल्ह्यात असलं तरी २०१९ च्या या कायद्यात तक्रारदाराच्या राहत्या ठिकाणी दाद मागता येते. सेवेचा मोबदला ५ लाखांपर्यंत असल्यास फी नाही, वकील लावलाच पाहिजे असंही नाही. मुदत २ वर्षं. गाडी सोडण्यासाठी याच कायद्याच्या कलम ३८(८) खाली अंतरिम अर्ज (निकालाआधीच्या आदेशासाठीचा) तक्रारीबरोबरच जोडा आणि वादातली रक्कम आयोगात जमा करायची तयारी त्यात दाखवा; अडवून ठेवायला गॅरेजकडे मग फारसं कारण उरत नाही. फोनवरचा अंदाज कॉलमधला असल्याने आज हाती नाही, म्हणून "तुम्ही अठरा-वीस हजार सांगितले होते" असा मेसेज आत्ताच पाठवा आणि उत्तराचा स्क्रीनशॉट ठेवा. तो फोन विकू नका, बदलू नका. स्क्रीनशॉट पुरावा म्हणून देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र त्याच फोनबद्दल द्यावं लागेल.

भाड्याच्या गाडीचा खर्चही मागा. डायलिसिसच्या तारखा रुग्णालयाच्या नोंदीत असतातच. पुढच्या खेपेपासून चालकाकडून तारीख, अंतर आणि रक्कम लिहिलेली सहीची पावती घ्या. मागच्या खेपांची रक्कम यूपीआयने दिली असेल, तर बँकेचा उतारा काढून त्या ओळींवर खूण करून ठेवा.