अमेरिकन कॉलेज फुटबॉलच्या जुन्या इयरबुकांना काही किंमत असते का? लोक ती जमवतात तरी कशासाठी?

मुलाला अमेरिकेत भाड्याच्या घराच्या तळघरात अशा इयरबुकांचं खोकं सापडलं म्हणताय, तर आधी घरमालकाला विचारायला सांगा. कुणाचा तरी जीव त्यात अडकलेला असू शकतो. माझ्याकडे अशी तीन खोकी आहेत. बायको त्यांना रद्दी म्हणते, आणि कागदाचा वास बघता तिचं फार चुकत नाही.

किमतीचं सांगायचं तर बहुतेक अंक किरकोळ भावात जातात. पण खोक्यात नक्की काय आहे ते बघा, कारण तीन वेगळ्या वस्तूंना लोक सर्रास 'इयरबुक' म्हणतात. विद्यापीठाचं जाड पुठ्ठ्याचं वार्षिक असतं, त्यात फुटबॉल चार-सहा पानांचा आणि बाकी वसतिगृहांचे ग्रुप फोटो. सामन्याच्या दिवशी स्टेडियमबाहेर विकला जाणारा प्रोग्रॅम, म्हणजे त्या सामन्याची माहितीपुस्तिका असते. आणि तिसरे म्हणजे उन्हाळ्यात, सीझन सुरू व्हायच्या आधी पेपर-स्टॉलवर येणारे अंक: स्ट्रीट अँड स्मिथ (हा आता बंद झालाय), ॲथलॉन, लिंडीज. माझा जीव या तिसऱ्यांवर.

हे अंक म्हणजे थेट आपल्या दिवाळी अंकातलं वार्षिक राशिभविष्य. कोणता संघ कितवा येणार, कोण चमकणार, सगळं छातीठोक. एकाच अंकाची मुखपृष्ठंही प्रांताप्रांतानुसार वेगळी असतात. टेक्सासात टेक्सासचा खेळाडू, ओहायोत ओहायोचा. म्हणून 'हा अंक आहे माझ्याकडे' म्हणणाऱ्याला संग्राहक लगेच विचारतो, कुठल्या मुखपृष्ठाचा?

मी मूळचा कोल्हापूरचा. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या फुटबॉल संघांच्या मॅचला घसा बसेपर्यंत ओरडून मोठा झालो. 1997 च्या ऑगस्टमध्ये एमएस करायला नेब्रास्काच्या लिंकनला पोचलो, तर महिनाअखेरीस सगळं गाव लाल कपडे घालून एकाच दिशेने चाललेलं. म्हटलं, हे तर आपलंच गाव! फुटबॉल म्हणून तिकीट मिळवून आत गेलो. तीन तास चेंडू हातातच. आमच्या नेब्रास्का विद्यापीठाच्या संघाने ॲक्रनचा 59-14 असा फडशा पाडला आणि मला एकही नियम कळला नाही. त्या स्टेडियमची तिकिटं 1962 पासून प्रत्येक सामन्याला संपतात हेही नंतर कळलं. पुढच्या शनिवारपर्यंत मी लाल टी-शर्ट घेतला होता.

त्या सीझनचं भविष्य काय होतं? सुरुवातीच्या एपी क्रमवारीत (ही पत्रकारांच्या मतांवर ठरते) पेन स्टेट पहिला, नेब्रास्का सहावा, मिशिगन चौदावा.

8 नोव्हेंबरला मी लाँड्रीत होतो. तिथल्या रेडिओवर मिझुरीविरुद्धची मॅच लागलेली. आपण 31-38 ने मागे, सात सेकंद उरलेले. आमच्या स्कॉट फ्रॉस्टने गोलरेषेजवळ पास टाकला, तो आमच्याच शेव्हिन विगिन्सच्या हातून निसटला, आणि पडता पडता विगिन्सच्या पायाने चेंडू परत वर उडाला. मॅट डेव्हिसन नावाच्या पहिल्या वर्षाच्या पोराने सूर मारून तो जमिनीला टेकायच्या आत उचलला. मुद्दाम लाथ मारणं नियमात बसत नाही, पण पंचांनी टचडाउन (चेंडू गोलरेषेपार गेल्याचे गुण) दिला. ओव्हरटाइममध्ये 45-38. रात्री टीव्हीवर ते बघितलं तेव्हा जाणवलं, अख्ख्या सीझनमध्ये मला पहिल्यांदाच कुणीतरी खरा 'फूट'बॉल खेळताना दिसला होता.

गंमत म्हणजे त्याच दिवशी मिशिगनने पेन स्टेटला 34-8 ने लोळवलं आणि पहिला नंबर नेब्रास्काकडून मिशिगनकडे गेला. पुढे दोघेही अपराजित राहिले. सीझनअखेरच्या मोठ्या सामन्यांना 'बोल' म्हणतात; मिशिगनने रोझ बोल जिंकला, नेब्रास्काने ऑरेंज बोलमध्ये पुढे खूप गाजलेल्या पेटन मॅनिंगच्या टेनेसीला 42-17 ने हरवलं. तो नेब्रास्काचे प्रशिक्षक टॉम ऑस्बोर्न यांचा शेवटचा सामना, पंचवीस वर्षांनंतरचा. तेव्हा देशाचा विजेता मतदानाने ठरायचा: पत्रकारांनी मिशिगनला विजेता ठरवलं, प्रशिक्षकांच्या मतदानात नेब्रास्का अवघ्या चार गुणांनी पुढे. दोन विजेते! मिशिगनवाल्यांसमोर आजही हा विषय काढू नये. मी काढतो.

आता कळलं असेल मी उन्हाळ्यातले अंक का जमवतो. सगळं घडून गेल्यावर लिहिलेल्या स्मरणिकेत प्रत्येक पान शहाणं असतं. 1997 च्या उन्हाळ्यातल्या अंकाला विगिन्सच्या पायाची कल्पनाच नाही. तो वाचताना मी पुन्हा नुकताच विमानातून उतरलेला असतो.

घेताना मात्र जपून. पिनांचा गंज बघा, मुखपृष्ठावर वर्गणीदाराच्या पत्त्याची चिकटपट्टी आहे का बघा (भाव तिथेच पडतो), आणि पानं मोजा. मी एकदा फोटो बघून ऑनलाइन अंक मागवला, घरी आल्यावर बघतो तर नेमकं नेब्रास्काचं पान कात्रीने कापलेलं. विकणाऱ्याने उत्तरही दिलं नाही. कापणाऱ्यावर मात्र माझा राग नाही, त्याचीही एक भिंत असेल. खोकं तळघरातून वर आणा, ओल हा या कागदाचा खरा वैरी. प्लॅस्टिकच्या पिशवीत, मागे आम्लमुक्त पुठ्ठा घालून उभे ठेवा.

माझ्या संग्रहातला सगळ्यात लाडका मात्र उन्हाळी अंक नाही, त्या मिझुरी सामन्याचा प्रोग्रॅम आहे. मिझुरीच्याच कुणा प्रेक्षकाने त्यात दर क्वार्टरचे गुण पेनने लिहिलेत. शेवटच्या चौकोनात 38-31 लिहून त्याखाली दोन ठळक रेघा ओढल्यात. त्यानंतर काहीच लिहिलेलं नाही. आत लिहिलेलं आहे म्हणून दुकानदाराने मला दोन डॉलर कमी लावले.