शत्रुप्रेम नको, आणि फेअरी म्हणजे परी तर मुळीच नाही

प्रश्न नागपूरच्याच एका कॉलेजातल्या मुलीचा आहे. ती मासिकासाठी लेख लिहून राहिली आहे, विषय म्हणजे जुन्या परीकथा नव्यानं सांगणाऱ्या हल्लीच्या इंग्रजी कादंबऱ्या, आणि त्यात हमखास येणारं ते आधी भांडण मग प्रेम, ज्याला सगळी पोरं एनिमीज टू लव्हर्स म्हणतात. ह्याला मराठी शब्द पाहिजे. तिच्या सरांनी 'शत्रुप्रेम' सुचवला, मैत्रिणीच्या आजोबांनी 'विरोधभक्ती'. आणि जाता जाता तिनं हेही विचारलंय की फेअरी हा शब्द आपल्या परीवरूनच गेला ना?

नाही गेला बाई. पण आधी त्या शत्रुप्रेमाचा निकाल लावतो, कारण हा शब्द मी अलीकडे तीन-चार ठिकाणी ऐकला आणि दर वेळी डोकं भणभणलं. देशप्रेम म्हणजे देशावरचं प्रेम, पुत्रप्रेम म्हणजे पुत्रावरचं, मग शत्रुप्रेम म्हणजे शत्रूवर प्रेम करण्याचा गुण, जो संतांच्या अंगी असतो आणि निवडणुकीच्या आधी काही पुढाऱ्यांच्या अंगी अचानक येतो. त्यात 'आधी हे होतं, मग ते झालं' हा प्रवास कुठे आहे? सगळी गंमत त्या 'टू'मध्ये आहे आणि सरांनी नेमका तोच खाल्ला. संस्कृतात असा आधी-नंतरचा समास होतो बरं का, स्नातानुलिप्त म्हणजे आधी न्हाला आणि मग उटी लावली, त्याच चालीवर कोणी हौशी माणूस द्विष्टानुरक्त असा शब्द पाडू शकेल, आधी द्वेष केला मग जीव जडला. समास चोख. पण सीताबर्डीवर दुकानात जाऊन 'द्विष्टानुरक्त प्रकारातली एक कादंबरी द्या' म्हणून बघ, दुकानदार आयुर्वेदाच्या कपाटाकडे बोट दाखवेल.

विरोधभक्ती हा शब्द खरा आहे, जुना आहे, फार सुंदरही आहे, पण तो इथला नाही. भागवताच्या सातव्या स्कंधात नारद सांगतो की गोपी कामामुळे, कंस भयामुळे आणि शिशुपाल द्वेषामुळे त्याच एका देवापाशी पोचले. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायातही हे येतं, शिशुपालासाठी तिथे 'अखंड वैरवशें' असं आहे, आणि त्याच्या थोडं आधी परीस फोडायला म्हणून आलेलं लोखंडही परिसाला लागताक्षणी सोनं होतं हा दृष्टांत. ह्या ट्रोपचं, म्हणजे गोष्टींतल्या ह्या ठरलेल्या वळणाचं, ह्याहून नेमकं चित्र कोणी काढलं असेल असं मला वाटत नाही. तरीपण आजोबांना नम्रपणे विचार, शिशुपालाचं शेवटी काय झालं? सुदर्शन चक्र आलं आणि मुंडकं गेलं. वैर एकाच बाजूनं, प्रेम कोणत्याच बाजूनं नाही, लग्न तर लांबच. कादंबरीच्या शेवटच्या पानावर हे चालेल का?

शत्रू, वैरी, हाडवैर हे सगळे शब्द कोशात बघून घे, त्यात सांगण्यासारखं काही नाही. दुश्मनमधला 'मन' म्हणजे आपलंच मन, दुस् आणि मनस्, फारसीतून फिरून आलेलं, इतकं सांगतो आणि परीकडे येतो.

तर परी. फॉरवर्डमध्ये फिरतं ते काय, की परीवरून पेरी, पेरीवरून फेअरी, बघा इंग्रजांनी हाही शब्द आपल्याकडूनच नेला. आपल्याकडूनच म्हणजे कुठून? परी हा शब्द फारसीतून आलेला, वेदात नाही, महाभारतात नाही. मग दुसरे एक विद्वान येतात, ते म्हणतात परीला पंख असतात आणि फारसीत पर म्हणजे पंख, म्हणून परी. हे तर छापील लेखात वाचलंय मी, फार आत्मविश्वासानं लिहिलेलं. अहो, तो पर म्हणजे आपलं पर्ण, त्याची वंशावळ वेगळी. परीचं जुनं रूप अवेस्तात, म्हणजे पारशांच्या जुन्या धर्मग्रंथात आहे, पइरिका, आणि त्या पइरिकेला पंखबिंख काही नाहीत. ती कोण आहे माहितीये? ती चेटकीण आहे. अहरिमनाच्या, म्हणजे तिथल्या दुष्ट शक्तीच्या बाजूची, भल्या माणसांची उघड वैरीण. केरेसास्प नावाचा मोठा अजगर मारणारा वीर, त्याला अशाच एका पइरिकेनं मोहात पाडलं. तिश्त्र्य म्हणजे व्याधाचा तारा, पाऊस आणणारा, त्याच्याशी ह्या पइरिका उल्का होऊन लढतात. आणि एक पइरिका तर चक्क दुष्काळ आहे, तिच्या नावाचाच अर्थ वाईट वर्ष. विदर्भातल्या माणसाला ही परी ओळखीची वाटावी!

आणि मग काय होतं, काही शतकं जातात, धर्म बदलतो, राज्यं बदलतात, कवी येतात, आणि हीच बाई फारसी कवितेत इतकी देखणी होऊन बसते की सुंदर बाईला परीचेहरा म्हणायची पद्धत पडते. वैरीण होती ती प्रेयसी झाली. आज धरमपेठेत दर तिसऱ्या घरात लाडक्या लेकीला परी म्हणतात, त्यातल्या एकाही बापाला माहीत नाही की आपण पोरीला दुष्काळाची चेटकीण म्हणून राहिलो. म्हणजे तू ज्या ट्रोपला मराठी शब्द शोधते आहेस तो ट्रोप 'परी' ह्या दोन अक्षरांनी स्वतःच जगून दाखवलाय, पूर्ण, सुरुवातीपासून शेवटापर्यंत. पइरिका हे मूळ 'परकी' बाईशी जोडणारा एक जुना तर्कही आहे. सगळ्यांना तो मान्य नाही, मला मात्र मनापासून पटतो, कारण परकी बाई आधी चेटकीण वाटते आणि मग त्याच परकेपणाची भूल पडते, हे कोणत्याही गावात बघायला मिळतं.

उलट्या दिशेनं गेलेला भिडूही तिथेच बसलाय. आपला देव. इराणात देव म्हणजे राक्षस, अवेस्तात दएव, पुढे फारसीत दीव, शाहनाम्यातल्या रुस्तुम वीरानं मारलेला तो सफेद दीव हाच. त्यामुळे फ्रेंच ब्यूटी अँड द बीस्ट फारसीत जाते तेव्हा तिचं नाव होतं दीव ओ दिलबर. बघ कसं, बीस्ट म्हणजे देव! आपल्याकडे ह्या नावाचं पुस्तक आलं तर लोक भक्तिरसाचं समजून घेतील.

आता फेअरी. ती फ्रेंच फे वरून, आणि फे लॅटिन फाता वरून, म्हणजे नियती. फेअरी टेल ही जोडीसुद्धा फ्रेंचच, मादाम दोनुआच्या 1697 च्या संग्रहाचं नावच 'फे'च्या कथा असं होतं. फाता ज्या धातूवरून आला त्याचा अर्थ बोलणे, आणि आपलं म्हणणे हे जुन्या भणतिवरून आलेलं, ही दोन्ही मुळं भाषाशास्त्रात एकाच घरची धरतात. म्हणजे फेअरीची मराठीत नातेवाईक शोधायचीच तर परी नाही, म्हण! पण ह्याच्याही पुढे जाऊन मी म्हणतो (आणि हे माझं मत आहे, कोशात मिळणार नाही) की फेअरीला कामाच्या हिशेबानं मराठी शब्द आहे सटवाई. हसू नको. पेरो ह्या फ्रेंच लेखकाच्या झोपलेल्या राजकन्येच्या गोष्टीत, तीही 1697 च्याच एका संग्रहातली, बाळाच्या बारशाला सात फेअरी बोलावतात आणि आठवी म्हातारी बोलवायची राहून जाते, ती चिडून येते आणि पोरीच्या मरणाचं भाकीत करते. बाळ जन्मलं की येणारी आणि पुढचं आयुष्य ठरवून जाणारी बाई, आपल्याकडे कोण? पाचवी-सहावीच्या रात्री येऊन कपाळावर लिहून जाते ती. षष्ठीची सटवी, सटवीची सटवाई. लॅटिनवाली बोलते, आपली लिहिते, एवढाच फरक. आणि ज्यानं कोणी पहिल्यांदा फेअरी टेलचं परीकथा केलं त्यानं सटवाईच्या जागी दुष्काळाची चेटकीण बसवली, आता शब्द रुळलाय, माझं कोण ऐकतं.

बरं, त्या सटवाईचं पुढे काय झालं? सटवी ही शिवी झाली. स्वर्गातल्या अप्सरा विहिरीकाठी येऊन आसरा झाल्या, त्यांना लोक घाबरतात. परकी चेटकीण मात्र लाडाची परी. घरच्या बायकांना शिव्या आणि बाहेरचीचं कौतुक, शब्दांच्या दुनियेतही हेच!

हां, तुझा प्रश्न. एनिमीज टू लव्हर्स. एक गोष्ट लेखात नक्की टाक, की मूळ कथांमध्ये हे वैर वाटतं तितकं नसतं. ब्यूटी अँड द बीस्ट आधी 1740 साली मादाम द व्हिलनवनं लांबलचक लिहिली, मग 1756 मध्ये मादाम ल प्रँस द बोमाँनं आटोपशीर केली, आणि त्या आटोपशीर कथेत बीस्टचं भांडण बापाशी आहे, गुलाब तोडला म्हणून. पोरीशी तो इतका अदबीनं वागतो की रोज रात्री जेवताना लग्नाचं विचारतो आणि नाही म्हटलं की सुस्कारा टाकून निघून जातो. आदळआपट करणारा, ओरडणारा बीस्ट सगळ्यांच्या डोक्यात बसला तो 1991 च्या कार्टून सिनेमामुळे, आणि हल्लीच्या कादंबऱ्यांचं वैर जास्त करून तिथून येतं. खरं वैर बघायचं तर ग्रिम बंधूंचा बेडूक बघ, 1812 च्या पहिल्या आवृत्तीतली पहिलीच कथा. तिथे पापा-बिपा काही नाही, ते मागून घुसलं, राजकन्या बेडकाला उचलून भिंतीवर आपटते आणि तो राजपुत्र होतो. आपल्याकडे म्हणशील तर जैमिनीच्या अश्वमेधातली प्रमिला घे, स्त्रीराज्याची राणी, अर्जुनाचा घोडा अडवते, लढाईवर येते आणि लग्न करते. आमच्या विदर्भाच्या राजकन्या ह्या बाबतीत अगदीच निरुपयोगी आहेत, रुक्मिणीनं सरळ पत्र पाठवलं आणि दमयंती हंसानं सांगितलं तेवढ्यावर भाळली.

शब्द म्हणशील तर शीर्षकात सरळ 'वैरातून प्रेम' लिही, त्यात तो 'टू' आहे, सर्वांना कळतो, संपलं. पण लेखाच्या आत माझी शिफारस वेगळी आहे, 'अरेरावीपासून अरेतुरेपर्यंत'. मराठीत हा सगळा प्रवास 'अरे' ह्या एका शब्दाच्या पोटात होतो. आधी तो अरेरावी करतो, मग ती अरेला कारे करते, मग बराच वेळ दोघं तणतणत अहो-जाहो करतात कारण अबोल्यात मराठी माणूस आदरार्थी बोलायला लागतो, आणि मग एका पानावर तिच्या तोंडून नकळत 'अरे, लागलं का तुला' निघतं. तेच ते पान. इंग्रजीत यू म्हणजे यू, त्यामुळे लेखकाला बिचाऱ्याला हृदयाचे ठोके, थरथरते हात, सगळं लिहावं लागतं, आपल्याकडे एक सर्वनाम बदललं की काम झालं. आणि भाषांतर करणारे नेमकं इथेच झोपतात, पहिल्या पानापासून दोघांना अरेतुरे करायला लावतात, मग वैर कुठलं आणि जवळीक कुठली, कळायला मार्गच नाही. आमच्या नागपुरात तर 'अरे'च्याही खाली 'बे'ची एक पायरी आहे, 'काऊन बे' हे वैरातही चालतं आणि जीवलगातही, ते वापरायचं असेल तर जपून.

मूळ भाषा बघितली तर हे काम सोपं होतं. फ्रेंच कथेत बीस्ट आणि ब्यूटी एकमेकांना आदरार्थीच बोलतात, तो जेवताना बघू का असं विचारतो, ती थरथरत म्हणते तुम्ही मालक आहात. बाप त्याला सरकार म्हणतो तर तो उखडतो, मला सरकार म्हणू नका, मी बीस्ट आहे, मला खुशामत आवडत नाही. ह्या दोघांना मराठीत अहो-जाहो द्यावंच लागेल, आणि एकेरीवर कधी आणायचं की आणायचंच नाही हे तू ठरव. जर्मन बेडूक आणि राजकन्या मात्र पहिल्या वाक्यापासून एकमेकांना तू म्हणतात. तिथे कोणी सभ्यपणा करायला गेला तर पंचाईत होईल, भिंतीवर आपटताना ती काय 'अहो बेडूकराव, आता तरी गप्प बसा' म्हणणार आहे का?