पाणी पी, आणि स्टूल माग

प्रश्न : ताई, नमस्कार. माझं वय 26, माहेर बार्शी, सासर सोलापूर. पहिलीच खेप आहे. पाचवा महिना सरत आलाय, डॉक्टरांनी ऑगस्टच्या मध्याची तारीख दिलीय. दसऱ्यापासून मी पेठेतल्या एका साड्यांच्या दुकानात अर्धा दिवस कामाला जाते, दुपारी चार ते रात्री नऊ. पगार 6,500. मिस्टर टॉवेलच्या कारखान्यात आहेत, पण त्यांचं काम कधी असतं, कधी नसतं. त्यामुळे माझे पैसे घराला लागतात.

पहिले तीन महिने उलट्यांत गेले. आता उलट्या थांबल्यात, पण सकाळची मळमळ आहेच. गेल्या महिन्यात हिमोग्लोबिन 8.6 निघालं. लाल गोळ्या दिल्या होत्या, पण त्यांनी पोट गच्च होतं, शौचालाही काळं होतं. घाबरून बंद केल्या. शेजारच्या काकू म्हणाल्या, त्या गोळीनं बाळसुद्धा काळं होतं. दुकानात उभं राहून पाय सुजतात. दोनदा चक्कर आली. दुसऱ्या वेळी वरच्या फळीवरचे बॉक्स काढायला शिडीवर चढले होते, कशीबशी फळी धरली. आठ दिवसांपासून लघवीला जळजळ होतेय, ओटीपोटात दुखतंय. सासूबाई म्हणतात, उन्हाळी लागलीय, सब्जा पी. दुकानात बाथरूम नाही. समोरच्या कॉम्प्लेक्समध्ये आहे, त्याला कुलूप असतं आणि किल्ली वॉचमनकडे. सारखी किल्ली मागायची लाज वाटते, म्हणून तीननंतर मी पाणीच पीत नाही.

सकाळी घरीच असते, सासूबाईंना बिड्यांना हात लावते तेवढंच. नळाला चार दिवसांनी पाणी येतं त्या दिवशी मात्र धावपळ होते. शेठना अजून सांगितलेलं नाही, पदरात झाकून जातं. सांगितलं तर ‘उद्यापासून येऊ नको’ म्हणतील, याची धास्ती वाटते. नोकरी सोडावी की रेटावी?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : पोरी, अंक तुझ्या हातात पडेपर्यंत वाट बघण्यासारखं तुझं दुखणं नाही. म्हणून पत्र आलं त्याच दिवशी संपादकांकडून तुला निरोप पाठवला होता, की आधी लघवी तपासून घे. ते झालं असेल असं धरून बाकीचं लिहिते. झालं नसेल तर हे पान मिटव आणि आधी ते कर. सकाळची पहिली लघवी, सुरुवातीची धार सोडून मधली, स्वच्छ डबीत घ्यायची.

उन्हाळी हा आपल्याकडचा जुना शब्द आहे आणि सासूबाईंचं अगदीच चुकत नाही. सोलापूरचा एप्रिल-मे म्हणजे पारा बेचाळीसच्या पुढे. पाणी कमी पडलं की कोणालाही जळजळ होते, चार तांबे पाणी पोटात गेलं की थांबते. पण आठ दिवस टिकलेली जळजळ आणि वर ओटीपोटात दुखणं, ही गरोदर बाईत नुसती उन्हाळी समजून चालत नाही. जंतुसंसर्ग असू शकतो. तो अंगावर काढला तर मूत्रपिंडापर्यंत चढतो, थंडी वाजून ताप येतो, आणि वेळेआधी कळा सुरू होऊ शकतात. गरोदरपणात चालणारी औषधं आहेत, डॉक्टर ती देतात. जळजळ दोन दिवसांत थांबली तरी गोळ्यांचा कोर्स पुरा करायचा. सब्जा पी की, त्याला कोण नको म्हणतंय? पण औषधाच्या जागी नको.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. 31 वर्षं मी याच शहरात नर्स म्हणून काढली, त्यातली बरीचशी प्रसूतिगृहात. आणि 1992 च्या मे महिन्यात मी स्वतः सहाव्या महिन्याची होते. वस्त्यांमधून घरोघर फिरून नोंदी घ्यायची ड्युटी होती. कोणाच्या दारात जाऊन ‘बाथरूमला जाऊ का’ म्हणायचं जिवावर यायचं, म्हणून सकाळी निघताना एक कप चहा घ्यायचा आणि दुपारी घरी येईपर्यंत थेंब नाही. दिवसभर बायांना पाणी प्या म्हणून सांगत होते आणि स्वतः पीत नव्हते. तिसऱ्या आठवड्यात ताप भरला, दातावर दात आपटत होते, कमरेच्या वर एका बाजूला हात लावू देत नव्हते. ॲडमिट केलं, कळा सुरू झाल्या. त्या वेळी त्या थांबल्या, पण लेक पुढं 34 व्या आठवड्यात झालीच. वजन 1 किलो 800 ग्रॅम. पंधरा दिवस तिला ओढायची ताकद नव्हती, दूध काढून वाटी-चमच्यानं पाजलं. आज ती चांगली आहे, तिची स्वतःची मुलगी शाळेत जाते. पण ते पंधरा दिवस मी विसरलेले नाही. तुझ्या पत्रात ‘तीननंतर मी पाणीच पीत नाही’ हे वाक्य वाचलं आणि माझा हात थांबला.

तेव्हा पहिली गोष्ट पाण्याची. लिटरची बाटली घेऊन जा आणि दर अर्ध्या तासाला चार-पाच घोट घे. एकदम ढोसलंस तर मळमळेल. दिवसाकाठी अडीच-तीन लिटर तरी पोटात जायला हवं या उन्हात. पुरेसं झालं की नाही हे लघवीच बघून कळतं. लिंबू सरबतासारखी फिकट असली तर ठीक, मोहरीच्या तेलासारखी गडद असली तर कमी पडतंय. आणि दर दोन-अडीच तासांनी जायचंच, लागली नाही तरी. वॉचमनकडे रोज किल्ली मागण्यापेक्षा शेठना सांगून त्या किल्लीची एक डुप्लिकेट दुकानात ठेवून घे. बाकीच्या मुलीही पाणी पीत नसतील, विचारून बघ.

आता शेठ. त्यांना सांगायचं, आणि या आठवड्यातच. दुकान उघडल्यावर गिऱ्हाईक नसतं तेव्हा. मागताना गोलगोल बोलू नकोस, ‘जमलं तर बघा’ असलं तर मुळीच नको. नेमकं माग. म्हण, ‘शेठ, मला दिवस गेलेत, ऑगस्टची तारीख आहे. मी काम सोडत नाही. मला काउंटरमागे एक स्टूल लागेल, शिडीवर मी चढणार नाही, आणि ऊन आहे तोवर चारच्या ऐवजी पाचला येईन, तो तास पुढं भरून काढू.’ साड्यांच्या घड्या, किमतीचे टॅग, फॉल-पिकोच्या चिठ्ठ्या, बिलिंग, ही सगळी बसून होणारी कामं आहेत. शिडीचं मात्र कोणी कितीही गळ घातली तरी ऐकू नकोस. 8.6 हिमोग्लोबिन आणि तासन् तास उभं राहणं, रक्त पायात साचतं, डोक्याकडं कमी जातं, म्हणून चक्कर येते. परत आली तर असेल तिथं खाली बस, शक्य असेल तर डाव्या कुशीवर आडवी हो. चार वाजता दुकानात जाण्याआधी भाकरी-उसळ पोटात असू दे.

काढून टाकतील या धास्तीबद्दल. बाळंतपणाच्या रजेचा कायदा 1961 चा आहे, 2017 मध्ये दुरुस्ती होऊन पहिल्या दोन मुलांसाठी पगारी रजा 26 आठवडे झाली, आणि नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती तशीच आहे. त्यात पूर्णवेळ-अर्धवेळ असा भेद नाही. दुकानात दहा किंवा जास्त माणसं कामाला असावीत आणि प्रसूतीच्या तारखेआधीच्या बारा महिन्यांत तुझे 80 दिवस भरलेले असावेत. दसऱ्यापासून जातेस म्हणजे तुझे कधीच भरलेत. माणसं मोजताना काउंटरवरचीच मोजू नकोस, कॅशियर, गोडाऊनची पोरं, झाडणारी मावशी, सगळे धर. पैसे तुझ्या मिळणाऱ्या पगाराच्या सरासरीनं मिळतात. गरोदरपणात कामावरून काढलं म्हणून तो लाभ बुडत नाही. गरोदरपणामुळे आजारी पडलीस तर डॉक्टरांच्या कागदावर आणखी एक महिन्यापर्यंत पगारी रजा आहे. शेवटच्या साधारण दहा आठवड्यांत, तू मागितलंस तर, जड किंवा फार वेळ उभं राहायचं काम देता येत नाही. पण तू जूनपर्यंत थांबू नकोस, डॉक्टरांकडून ‘बसून काम द्यावे’ अशी चिठ्ठी आत्ताच लिहून घे. पगार रोखीत मिळत असेल तर हजेरीच्या वहीतल्या तुझ्या पानाचे फोटो काढून ठेव, तेच पुढं पुरावा होतात. पगारातून ईएसआयसी, म्हणजे कामगार विम्याचा हप्ता, कापत असतील तर रजेचे पैसे तिकडून येतात. अगदीच अडलं तर शहरात सहायक कामगार आयुक्तांचं कार्यालय आहे. बहुतेक वेळा तिथवर जायची पाळी येत नाही, कारण चांगली विकणारी बाई कोणत्याच शेठला सोडायची नसते.

दहा माणसं भरत नसतील तर अंगणवाडी ताईंकडं किंवा आशाताईंकडं मातृवंदना योजनेत नाव घाल. पहिल्या बाळासाठी दोन हप्त्यांत 5,000 रुपये बँकेत येतात.

गोळ्या आजपासून परत सुरू. शौचाला काळं होतं ते लोहामुळे, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, उलट गोळी पोटात गेल्याची खूण आहे. बाळाचा रंग आईबापाकडून येतो, गोळीकडून नाही. काकूंना हे प्रेमानं सांग. गरोदर बाईला 11 च्या खाली पंडुरोग धरतात. 8.6 ला साधारणपणे रोज दोन गोळ्या देतात, पण किती ते तुझ्या डॉक्टरांकडून पक्कं करून घे. रात्री जेवणानंतर दीड-दोन तासांनी, लिंबाच्या पाण्याबरोबर घेतलीस तर मळमळ झोपेत निघून जाते. चहा आणि दुधाबरोबर नाही, कॅल्शियमच्या गोळीबरोबर तर नाहीच, दोन तासांचं अंतर ठेव. पोट गच्च होतं त्याला पाणी, पेरू, पालेभाजी. महिन्यानं परत रक्त तपास. निदान एकानं वाढलं पाहिजे. नाही वाढलं तर शिरेतून लोह देतात. मटकी, हरभरा, राजगिरा, अंडं चालत असेल तर अंडं, सगळं खा, पण नुसत्या बीट-गुळानं 8.6 चं 11 होत नाही. गूळ-शेंगदाण्यावर विसंबून दिवस भरलेल्या बाया मी प्रसूतीच्या टेबलावर पांढऱ्याफटक पडलेल्या पाहिल्यात.

पायाची सूज संध्याकाळी येऊन रात्रीत उतरत असेल तर उभं राहिल्याची आहे. सकाळी उठल्याबरोबर नडगीवर अंगठा दहा आकडे मोजेपर्यंत दाबून बघ. सकाळीसुद्धा खड्डा पडत असेल, तोंड-बोटं सुजली असतील, डोकं ठणकत असेल, डोळ्यांपुढं काजवे येत असतील, वरच्या पोटात दुखत असेल, तर त्याच दिवशी बीपी बघायचं. 140/90 किंवा वर असेल तर घरी यायचं नाही, थेट दवाखाना. रक्त किंवा पाणी जाणं, थंडी-ताप, बाळाची हालचाल कमी वाटणं, यांनाही तोच नियम. गाडीसाठी 102 किंवा 108. प्रत्येक महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात डॉक्टरांकडून गरोदर बायांची मोफत तपासणी असते. तुझा 24 वा आठवडा आलाच आहे, ग्लुकोजचं पाणी पाजून दोन तासांनी करतात ती साखरेची तपासणीही तेव्हाच मागून घे.

नळाचं पाणी येतं त्या रात्री घागरी उचलायच्या नाहीत. नळाला पाईप लावायचा किंवा मिस्टरांना उठवायचं.

नोकरी सोडू नकोस. स्टूल, पाणी, किल्ली आणि गोळ्या एवढं जमलं तर ती तुला झेपेल. सोडायचं आहे ते दुसरंच, जे तू पत्रात एका ओळीत लिहून पुढं गेलीस. बिड्यांना हात लावणं. तंबाखूचं सूप मांडीवर, म्हणजे पोटाला टेकून. त्यातलं निकोटिन बोटांच्या कातडीतून आत जातं, भुकटी श्वासातून जाते. मळमळ आणि चक्कर ही त्याचीही लक्षणं आहेत. सकाळी जास्त मळमळतं असं तू लिहिलंस, आणि बिड्याही सकाळीच वळतेस. आठ दिवस पूर्ण लांब राहून बघ, काय फरक पडतो तो मला कळव. तंबाखूत राबणाऱ्या आयांची बाळं वजनाला कमी भरतात, हे मी वजनकाट्यावर पाहिलंय.

पुढचं सासूबाईंना वाचून दाखव. मावशी, तुमच्या बिड्यांवर हे घर उभं राहिलंय, ते मला ठाऊक आहे. माझी आईही हजाराच्या हिशेबानंच वळायची. तुमचं काम बंद करा असं मी म्हणत नाही. फक्त सूप बाहेरच्या ओट्यावर न्या, ही झोपते त्या खोलीत पोतं ठेवू नका, आणि बाळ आल्यावर हात साबणानं धुऊन, पदर बदलून मगच त्याला घ्या. तुम्ही उन्हाळी म्हणालात तेव्हा तुमचं लक्ष तिच्याकडं होतं, ते मला कळलं. तसंच आता रात्री गोळी घेतली का, तेवढं तिला विचारत जा.