ताडोबा राहू दे, आधी सड्यावर जा

बाय,

वाघ बघायला ताडोबाला जायचंय आणि पुढे वन्यजीवांचंच काम करायचंय, असं लिहिलंयस. जा की, पैसे साठले की जा. पण तुमच्या वाडीच्या वरच्या अंगाला सडा आहे, उघड्या कातळाचा सपाट माळ, तिथे चुकलेली गुरं शोधण्यापलीकडे कधी गेलीयस?

श्रावणात उघडीप बघून जा. मोबाईल पिशवीत ठेव आणि पाण्याच्या कडेला उकिडवी बस. खोलगट जागी बोटभर पाणी साचतं, त्यात सीतेची आसवं फुलतात. जांभळी फुलं बघून लोक खूश होऊन निघतात, खरी गंमत मात्र खाली असते. सड्यावर माती नावालाच, त्यात नायट्रोजन तुटपुंजा. म्हणून या झाडाला चिखलात बारीक फुगीर पिशव्या असतात. एखादा सूक्ष्म जीव पिशवीच्या तोंडाशी असलेल्या केसांना लागला की झडप उघडते आणि पाण्यासकट तो आत ओढला जातो. पापणी लवायच्या आत. सापळा मिटताना दिसायचा नाही, पण भिंगातून पिशव्या नक्की दिसतील.

सुट्या दगडाखाली पांढऱ्या पट्ट्यांची छोटी पाल असते. ती आपल्या दक्षिण कोकणातल्या सड्यांवरची. १९६३ साली तिला शास्त्रीय नाव मिळालं. दगड काठीने कलता कर, कारण खाली विंचूही असतो. आणि बघून झालं की होता तसाच ठेव.

सातबाऱ्यावर हीच जमीन ‘पोटखराब’, म्हणजे लागवडीला निकामी! त्यामुळे चिरेखाण काढा नाहीतर सुरुंग लावून, भराव घालून हापूसची कलमं लावा, कोणाला काही वाटत नाही. सुटे दगड गडग्याला, म्हणजे बागेच्या दगडी कुंपणाला जातात, पालीचं घर मोडतं. कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली, तेव्हा कुठे लोक कातळाकडे वळून बघायला लागले. तेही शिल्पापुरतंच, शेजारच्या डबक्याकडे नाही.

तरी बागायतदारांशी भांडू नकोस. तुझी फी त्या कलमांवरच भरली गेलीय. वडिलांना एवढंच सांग की पाणथळ जागा आणि सुट्या दगडांचा एक पट्टा सोडा. पालीसाठी म्हणशील तर हसतील. सड्यात मुरलेलं पाणीच खालच्या विहिरींना येतं, हे सांगितलंस तर निदान ऐकून घेतील.

दुसरं काम ग्रामपंचायतीत. २००२ च्या जैवविविधता कायद्यामुळे गावाची लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. ती मागून घे. बहुधा कपाटातून शोधूनच काढावी लागेल. सड्याचं पान कोरं असेल तर तू भर: तारीख, जागा, काय दिसलं आणि गुराखी त्याला काय म्हणतात ते. दीपकाडीची पांढरी फुलं दिसली तर जागा वहीत लिही, रीलमध्ये नको. कंद उपटायला लोक मागेपुढे बघत नाहीत.

शेवाळावर जपून चाल. गणपतीला येतोय, तेव्हा वही दाखव.

तुझा,
आबा